गेम आधी कोणत्या मशीनसाठी बनतो?

एकच गेम मित्राच्या मशीनवर लोण्यासारखा चालतो आणि आपल्याकडे अडकतो. आपण लगेच म्हणतो, 'आपलं हार्डवेअर कमी पडलं.' दर वेळी तसं नसतं. बऱ्याचदा उत्तर गेम बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी घेतलेल्या निर्णयात असतं: आधी कोणत्या मशीनसाठी बनवायचं? यालाच लीड प्लॅटफॉर्म म्हणतात.

याचं सगळ्यात गाजलेलं पर्व म्हणजे एक्सबॉक्स ३६० (२००५) आणि प्लेस्टेशन ३ (२००६). एक्सबॉक्समध्ये तीन सारखे कोअर आणि ५१२ एमबी सामायिक मेमरी. प्लेस्टेशनमध्ये मेमरी तेवढीच, पण २५६-२५६ अशी विभागलेली. प्रोसेसरही वेगळाच: एक मुख्य कोअर आणि गेमसाठी सहा छोटे कोअर, प्रत्येकाजवळ फक्त २५६ केबी स्वतःची मेमरी.

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. सोयाबीन सोंगायला सहा माणसं आणली, पण पात वाटून दिली नाही, तर मुकादम एकटाच राबतो आणि बाकीचे बांधावर बसतात. एक्सबॉक्ससाठी लिहिलेला कोड प्लेस्टेशनवर नेला की नेमकं हेच व्हायचं. २००९ चा 'बायोनेटा' बघा. प्लॅटिनमगेम्सनं तो एक्सबॉक्ससाठी बनवला, प्लेस्टेशनची आवृत्ती सेगानं केली. तिथे फ्रेम रेट घसरला, लोडिंग लांबलं.

उलट क्रायटेरियननं २००८ च्या 'बर्नआउट पॅरडाइज'साठी प्लेस्टेशन ३ लाच लीड धरलं, आणि तो दोन्हीकडे छान चालला. कारण साधं आहे. काम छोट्या, स्वतंत्र तुकड्यांत कापलं की ते तीन कोअरवरही सहज वाटता येतं. एकसंध लिहिलेलं काम नंतर कापणं मात्र महाकठीण.

आता बुलढाण्याकडे येऊ. खामगाव, चिखली, मेहकरकडे बहुतेक पोरांचं गेमिंग मशीन म्हणजे मोबाइल, तोही स्वस्तातला. पबजी २०१७ मध्ये आला तो पीसीवर. २०१८ मध्ये मोबाइलवर उतरवला, तरी साध्या फोनला तो जडच जायचा. म्हणून २०१९ मध्ये भारतात 'लाइट' आवृत्ती आली: १०० ऐवजी ६० खेळाडू, नकाशा लहान. फ्री फायर मात्र पहिल्यापासून मोबाइलसाठीच बनला होता: ५० खेळाडू, डावही छोटा. साध्या फोनवर तो का चालला, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

एक फरक लक्षात ठेवा. आधी रिलीज झाला म्हणजे तोच लीड, असं नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, पीसी आणि बाकी कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. पण रिलीजचा क्रम करारानंही ठरतो. लीड ठरतो तो कोडची रचना कुणाकडे बघून केली त्यावरून.

संशोधनात आम्ही याला 'परफॉर्मन्स पोर्टेबिलिटी' म्हणतो: कोड दुसऱ्या मशीनवर नुसता चालणं वेगळं, नीट चालणं वेगळं. आणि प्रश्न खेळापुरता नाही. पीक विम्याचं किंवा शाळेचं ॲप महागड्या फोनवर बसून बनवलं, तर शेवटच्या फोनवाल्याच्या वाट्याला फिरणारं चक्रच येतं. म्हणून 'चालतं का?' यासोबत 'कोणासाठी आधी बनवलं?' हेही विचारत जा.