वंशावळीचा शोध : वहीपासून संगणकापर्यंत

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या वाटचालीचे सिंहावलोकन करताना एक प्रश्न सहज मनात उभा राहतो. संस्थेचा इतिहास सभांच्या इतिवृत्तांत सापडेल. परंतु ज्या घराण्यांनी ती उभी केली, ती या अरण्यप्रदेशात केव्हा, कोठून आणि कोणत्या कारणाने आली, हे कोठे सापडेल? पुष्कळ घरांतून "आम्ही मारवाडातून आलो", "छप्पन्नच्या दुष्काळात आलो" एवढेच सांगितले जाते. सांगणारी पिढी हळूहळू काळाआड जात आहे. सुदैवाने आज संगणक आणि इंटरनेट यांमुळे हा शोध घरबसल्या घेता येतो. मात्र त्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. आजी-आजोबा, आत्या, मामा यांच्याकडून नावे, गोत्र, मूळ गाव, सोयरीक आणि कुलगुरूंचे ठिकाण लिहून घ्यावे. लोकस्मृतीतील एखादा शब्दही कालनिश्चिती करतो. 'छप्पन्न' म्हणजे विक्रम संवत 1956, अर्थात इ.स. 1899-1900. त्या वर्षी राजपुतान्यात भीषण दुष्काळ पडला होता आणि मध्य प्रांतालाही त्याची झळ लागली होती. विक्रम संवतातून 57 व वीर निर्वाण संवतातून 527 वजा केले, किंवा शकात 78 मिळविले, की इसवी सन मिळतो. वर्षाच्या उत्तरार्धात एका वर्षाचा फरक पडतो. नेमकी तिथी जुळवायची असल्यास जपानमधील क्योटो येथील विद्वान मिचिओ यानो यांची पंचांग गणनप्रणाली इंटरनेटवर उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट स्थलनामांची. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा शोध 'चांदा' या नावाने घ्यावा लागतो. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 साली खालसा झाले, 1861 साली मध्य प्रांत निर्माण झाला, सिरोंचा 1874 साली चांदा जिल्ह्यास जोडले गेले आणि गडचिरोली तहसील 1905 साली जमीनदारीचा मुलूख घेऊन बनली. 1956 पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता. म्हणून जुने कागद कोणत्या राज्याच्या, कोणत्या तहसिलीच्या नावाखाली असतील, याचा विचार आधी करावा. इंग्रजी ग्रंथांत गडचिरोलीचे नाव कोठे 'गर', कोठे 'गढ' असे लिहिलेले आढळते. भद्रावतीसाठी 'भांदक' हेच नाव शोधावे लागते. एकाच आडनावाचीही तीन-चार रूपे करून पाहावीत.

आता साधनांकडे वळू. 'इंटरनेट अर्काइव्ह' या संकेतस्थळावर 1909 चे चांदा जिल्हा गॅझेटियर, तसेच रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाति-जमातींवरील 1916 चा चार खंडांचा ग्रंथ विनामूल्य वाचता येतो. त्या ग्रंथात ओसवाल, परवार, खंडेलवाल इत्यादी ज्ञातींवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. 1934 साली प्रसिद्ध झालेल्या 'ओसवाल जाति का इतिहास' या हिंदी ग्रंथात गावोगावच्या घराण्यांच्या हकिगती संकलित केल्या आहेत. जैन ई-लायब्ररीवर अशा ग्रंथांबरोबर शेकडो आगमग्रंथ व लेखसंग्रह उपलब्ध आहेत. देवनागरी छापील मजकुरात संगणकाचा शब्दशोध पुष्कळदा चुकतो. त्यामुळे अनुक्रमणिका व पाने स्वतः चाळावीत.

शासकीय अभिलेखांचे महत्त्वही मोठे आहे. राज्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने सातबारा, फेरफार इत्यादींच्या प्रतिमा टप्प्याटप्प्याने ठेवल्या गेल्या आहेत. आपल्या गावाचे कागद तेथे न मिळाल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात बंदोबस्ताची मिसल, अधिकार अभिलेख पंजी आणि कोतवाल पंजी पाहावी. कोतवाल पंजीत गावातील जन्ममृत्यूची नोंद होत असे. एखाद्या पूर्वजाने मालगुजारी घेतली असेल, तर 1951 साली ती पद्धत संपेपर्यंतच्या कागदांत त्याचे नाव असण्याचा संभव असतो.

येथवरची साधने सर्वांनाच सारखी आहेत. जैन समाजापाशी मात्र आणखी एक खास साधन आहे, ते म्हणजे धातुप्रतिमांवरील लेख. अशा लेखांत संवत, तिथी, ज्ञाती, गोत्र, प्रतिष्ठाचार्य आणि प्रतिमा भरविणाऱ्या कुटुंबाची नावे असतात. पूरणचंद नाहर यांनी असे लेख जमवून 'जैन लेख संग्रह' 1918 पासून तीन भागांत प्रसिद्ध केला. विदर्भाचे सुपुत्र डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांच्या 1958 च्या 'भट्टारक संप्रदाय' या ग्रंथात कारंजा आणि इतर पीठांच्या परंपरा अशाच लेखांच्या आधारे जुळविल्या आहेत. या लेखांचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. घरोघरच्या छापील वंशवृक्षांत बहुधा पुरुषांचीच नावे असतात, तर प्रतिमालेखांत पुष्कळदा 'भार्या' म्हणून स्त्रियांची नावेही कोरलेली असतात. वंशवृक्षातून गळून पडलेल्या आपल्या पणज्या-खापरपणज्या कदाचित आपल्याच देवघरातील किंवा जिनालयातील लहानशा प्रतिमेच्या पाठीवर वाट पाहत असतील. कोणतेही संकेतस्थळ ही नावे आपण होऊन देणार नाही. ती आपणच वाचून तेथे पोचविली पाहिजेत.

विलंब मात्र परवडणारा नाही. नित्य प्रक्षालनाने अक्षरे झिजतात. जुन्या रोकडवह्या व खातेवह्या वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात. त्यातील महाजनी लिपी काना-मात्रांशिवाय लिहिली जाई, म्हणून "काका अजमेर गया" याचे "काका आज मर गया" असे वाचन झाल्याचा विनोद प्रसिद्ध आहे. ती अचूक वाचणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत.

संशोधनात संयमही हवा. गोत्र एक म्हणून घराणे एक, असे मानू नये. ऐकीव माहिती 'ऐकीव' म्हणूनच नोंदवावी आणि दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय वंशवृक्षाला नवी फांदी जोडू नये. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची शिकवण आपल्याला परंपरेनेच दिली आहे. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते इत्यादी तपशील इंटरनेटवर जाहीर करू नयेत.

आपल्या समाजातील संगणक जाणणारे तरुण आणि जुनी लिपी जाणणारे ज्येष्ठ यांनी एकत्र बसावे. योग्य ती मर्यादा पाळून प्रतिमालेखांची व वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांचे वाचन करावे आणि त्याची एक प्रत जिनालयात, एक संगणकावर जपून ठेवावी. पुढील पन्नास वर्षांनी जेव्हा संस्थेची शताब्दी साजरी होईल, तेव्हा त्या पिढीला "आपण कोण, कोठून आलो?" या प्रश्नाचे उत्तर केवळ आठवणींवर सोडावे लागू नये.