न्यायालयांतील दुभाषा

ठाण्याची खाडी ओलांडून नव्या मुंबईंत पाऊल टाकलें म्हणजे सर्व प्रांतांच्या भाषा कानीं पडतात. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली तेव्हां येथें आगरी-कोळ्यांचीं गांवें, भातशेतें आणि मिठागरें होतीं. आज तुर्भ्याच्या बाजारांत व न्हावाशेव्याच्या बंदरावर भोजपुरी, बंगाली, तेलुगु, कानडी बोलणारे शेजारीं शेजारीं राबतात. बाजारांत शब्द चुकला तर हाताच्या खुणेनें सांवरून घेतां येतो. परंतु यांतलाच एखादा मजूर उद्यां आरोपी किंवा साक्षीदार म्हणून न्यायासनापुढें उभा राहिला, तर त्याचें म्हणणें न्यायाधीशांपर्यंत पोहोंचविणार कोण, आणि तें जसेंच्या तसें पोहोंचलें हें ठरविणार कोण, हा प्रश्न उरतोच. तो वाटतो तितका नवा नाहीं.

दुभाषा आमच्या इतिहासाला परका नव्हे. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकप्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला, तेव्हां नारायण शेणवी हा त्याचा दुभाषा होता. पण राजकारणांतील दुभाषा व न्यायालयांतील दुभाषा यांत मोठें अंतर आहे. तहाच्या वाटाघाटींत शब्दाचा घोटाळा झाला, तर तो दुरुस्त करण्याची सवड आणि सामर्थ्य दोन्ही पक्षांस असतें. पिंजऱ्यांतील आरोपीपाशीं यांपैकीं एकही नसतें.

या अंतराचा विचार करतांना आम्हांस १९०८ सालचा लोकमान्य टिळकांवरील खटला आठवतो. १२ मेच्या ‘केसरी’तील ‘देशाचें दुर्दैव’ व ९ जूनच्या अंकांतील ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ या लेखांवरून त्यांजवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यांत आला, आणि १३ जुलै रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति दिनशा दावर यांच्यापुढें सुनावणी सुरू झाली. लेख मराठी, कामकाज इंग्रजी, ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी. खास ज्यूरी नेमण्याच्या मागणीस बॅरिस्टर बॅप्टिस्टा यांनीं आधींच विरोध केला होता. मराठी लेखांचा निवाडा मराठी जाणणाऱ्यांकडून व्हावा, हें त्यांचें म्हणणें होतें. तें मान्य झालें नाहीं. म्हणजे ज्या लेखांबद्दल शिक्षा व्हावयाची, ते लेख ज्यूरीपुढें भाषांतराच्या वेषानेंच आले!

टिळकांनीं आपला बचाव स्वतः केला. सरकारी भाषांतरकार साक्षीस आले, तेव्हां त्यांनीं त्यांची शब्दाशब्दावरून उलटतपासणी केली, आणि आपल्या दीर्घ भाषणांत भाषांतराचे दोष ज्यूरीपुढें मांडले. या वादाचें महत्त्व वाचकांनीं स्वतःच अजमावून पाहावें. आमच्या भाषेंत ‘वध’, ‘हत्या’ व ‘खून’ हे तिन्ही शब्द मृत्यूचेच. परंतु कंसाचा वध होतो, बालकाची हत्या होते आणि शेजाऱ्याचा खून होतो. या तिहींस परभाषेंत एकच शब्द योजला, तर लेखकाची वृत्तिच पालटून जाते. आणि राजद्रोहाच्या आरोपांत निर्णय व्हावयाचा असतो तो वृत्तीचाच!

२२ जुलै रोजीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन अशा मतांनीं दोषी ठरविलें, आणि सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हा निकाल केवळ भाषांतरामुळें लागला असें म्हणणें साहसाचें होईल; त्या काळचें राजकारण त्याला पुरेसें कारण होतें. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. टिळकांस दोन्ही भाषा उत्तम अवगत होत्या, म्हणून भाषांतरांतील चूक त्यांस निदान दाखवितां तरी आली. ज्याला न्यायालयाची भाषाच येत नाहीं, त्याला आपल्या तोंडीं भलतेंच वाक्य घातलें गेलें, हें कळावें तरी कसें?

भाषांतर हातीं घेऊनही न्यायबुद्धि जागी राहूं शकते, याचें उदाहरण त्याच न्यायालयांत आठ वर्षांनीं घडलें. बेळगांव व अहमदनगर येथील मराठी व्याख्यानांबद्दल टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यांत आला होता. नोव्हेंबर १९१६ मध्यें न्यायमूर्ति बॅचलर व न्यायमूर्ति शहा यांनीं तो हुकूम रद्द केला. सुटे शब्द न चाळतां व्याख्यानांचा एकंदर परिणाम काय होतो, हें त्यांनीं पाहिलें. परंतु असे न्यायाधीश लाभणें हें भाग्य झालें. आणि न्याय भाग्यावर सोंपवितां येत नाहीं.

कायद्याकडे पाहिलें, तर तत्त्व जुनेंच आहे. आरोपीस न समजणाऱ्या भाषेंत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेंत भर न्यायालयांत सांगितली पाहिजे, असें १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ३६१ व्या कलमांत होतें. १९७३ च्या संहितेंत तें २७९ वें कलम झालें, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही तें कायम आहे. दुभाष्यानें खरेंच भाषांतर केलें पाहिजे, असेंही कायदा बजावतो. पण दुभाष्यानें खरें बोलावें एवढें सांगून भागत नाहीं. त्याला ती भाषा पुरती येते किंवा नाहीं, हें कोणत्या परीक्षेनें ठरवावें, याविषयीं ही संहिता मौन धारण करते. प्रामाणिक परंतु अर्धवट जाणत्या माणसाच्या हातून होणारा अन्याय शपथेनें टळत नाहीं. आणि ऐन वेळीं जवळ उभ्या असलेल्या शिपायासच दुभाषा केलें, तर आरोपकर्ता आणि आरोपीची जिव्हा एकाच पक्षाची होते!

उपाय असाध्य नाहींत. प्रत्येक जिल्ह्यांत परीक्षा उतरलेल्या दुभाष्यांची यादी असावी. त्यांस योग्य वेतन मिळावें. आणि मूळ भाषेंतील साक्षीचें ध्वनिमुद्रण जपून ठेवावें, म्हणजे संशय आल्यास शब्द पडताळून पाहतां येईल. याचा कांहीं भार आम्हां अध्यापकांवरही आहे. महाविद्यालयांतून आम्ही भाषा शिकवितों त्या काव्यरसासाठीं. परक्याचा शब्द प्रामाणिकपणें पोंचविण्याची विद्या आम्हीं कधीं शिकविली नाहीं. खाडीच्या पलीकडे १९०८ सालीं पिंजऱ्यांत उभा होता तो स्वतःची भाषा स्वतःच सांभाळण्यास समर्थ होता. अलीकडे जो उद्यां उभा राहील, त्याची भाषा सांभाळण्याचें काम समाजानेंच अंगावर घेतलें पाहिजे.