एकाच घरीं टेरियर आणि ससा

मराठींत ‘ससेहोलपट’ असा एक शब्द आहे. ज्याच्यामागें संकटें हात धुऊन लागलीं आहेत, ज्यास घटकाभरहि एका जागीं टेकतां येत नाहीं, त्याच्या हालांस हा शब्द लावतात. कचेरीचे हेलपाटे घालणारा शेतकरी आणि बिऱ्हाडें बदलून थकलेला कारकून, दोघेहि तो सहज वापरतात. परंतु तो उच्चारतांना खरा ससा आणि त्याच्यामागें सुटलेला खरा कुत्रा फारसा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. चाकुराकडील माणसाच्या डोळ्यांपुढें मात्र तो येण्यास हरकत नसावी.

लातुराहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर लागतें. त्याच तालुक्यांत जानवळ नांवाचें गांव आहे आणि तें कारवानी कुत्र्यांसाठीं ओळखलें जातें. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि उंच पाय असें हें जनावर. तें जमिनीस नाक लावून माग काढीत बसत नाहीं. डोळ्यांनीं पाहतें आणि धांवत सुटतें. उंटांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानाबरोबर, वायव्येकडून त्याचे पूर्वज दक्षिणेंत आले, असें मानतात. याच घराण्यांतील झुपकेदार केसांच्या कुत्र्यास पश्मी म्हणतात. फारसींत पश्म म्हणजे लोकर. घटप्रभेकांठीं मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ही जात जोपासली व तिची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली. तेव्हांपासून ‘मुधोळ हाउंड’ हें नांव रूढ झालें. २००५ सालीं टपाल खात्यानें या कुत्र्याचें तिकीटहि काढलें. पिकें निघाल्यावर मराठवाड्यांतील काळें रान उघडें पडतें, दृष्टि दूरवर पोंचते, आणि अशा रानांत सशाचा पाठलाग करण्यासाठींच हें शरीर पिढ्यान् पिढ्या निवडलें गेलें आहे. आतां ती शिकार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आरंभीं सशाच्या शिकारीस परवाना लावला होता. १९९१ च्या दुरुस्तीनें तीहि वाट मिटली. कायदा बदलण्यास एक दिवस पुरतो. कुत्र्याचे पाय आणि डोळे मात्र जुन्याच कायद्यानें चालतात.

सशानें कुत्र्यावर उलटावें, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस इतकी अघटित वाटे कीं तिच्यावर त्यांनीं नगरें वसविलीं. विजयनगर जेथें उभें राहिलें तेथें एका सशानें राजाचे कुत्रे चावून पिटाळले, ही हकीकत सोळाव्या शतकांत नुनिझ या पोर्तुगीज व्यापाऱ्यानें लिहून ठेवली आहे. अहमदाबादेची दंतकथा तीच. तें शहर १४११ सालीं वसलें. चाकुरास जवळच्या बीदरची कथाहि त्याच वळणाची आहे. बहामनी सुलतान अहमदशहा याच्या शिकारी कुत्र्यांवर तेथें एक खोकड उलटलें आणि त्यानें ही भूमि राजधानीस योग्य ठरविली, असें सांगतात. या कथांचा इतिहास म्हणून भरंवसा कोणी धरणार नाहीं. परंतु कथा रचणारांस कुत्र्याचा आणि सशाचा स्वभाव नीट ठाऊक होता. जें रोज घडतें त्याची कथा होत नाहीं.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठींत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या जनावरांस लावला जातो. आपल्या शेतांतला, मानेवर काळा डाग असलेला ससा बीळ करीत नाहीं. गवतांत अंगापुरता खळगा करून तो बसतो, आणि त्याचीं पिल्लें डोळे उघडे व अंगावर केंस घेऊन जन्मास येतात. बाजारांत विकत मिळणारा पांढरा ससा मूळचा युरोपांतला. तो बिळांत राहणारा असून त्याचीं पिल्लें जन्मतः आंधळीं व उघडीं असतात. पहिला वन्य प्राणी असल्यामुळें त्यास पकडून घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. सुगीच्या दिवसांत शेतांत एकटीं सांपडलेलीं पिल्लें दयेपोटीं घरीं आणली जातात, तींहि आणूं नयेत. आई त्यांना टाकून गेलेली नसते, ती अंधार पडतां पाजावयास येते. घरीं पाळावयाचा तो दुसरा.

आणि नेमका या दुसऱ्या सशाचा हाडवैरी म्हणजे टेरियर. कारवानी कुत्रा उघड्या रानांतला, तर टेरियर बिळाच्या तोंडाशीं जन्मलेला. लॅटिनमध्यें ‘टेरा’ म्हणजे भूमि. त्या शब्दावरून हें नांव पडलें. इंग्लंडांतील वैद्य जॉन कायस यानें १५७० सालीं कुत्र्यांवर जें लॅटिन पुस्तक लिहिलें, त्यांत जमिनीखालीं शिरून कोल्ह्यासारख्या जनावरांस हुसकून काढणाऱ्या या जातीचें वर्णन आहे. पुढें १८१९ सालीं जॉन रसेल या विद्यार्थ्यानें ऑक्सफर्डजवळ एका गवळ्याकडून ट्रंप नांवाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून आपल्या नांवाचें कूळ चालविलें. १८२३ सालीं लंडनांत बिली नांवाच्या बुल-टेरियरनें साडेपांच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. भुकेनें शंभर उंदीर कोणी मारीत नाहीं. हलणारी लहान वस्तु दिसतांच तिची मानगूट धरून झटका द्यावा, ती निपचित पडतांच दुसरीकडे वळावें, ही त्या जातीची अंगीं मुरलेली कला आहे. तींत राग नाहीं कीं दुष्टपणा नाहीं. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कर्ण्यापुढें कान देऊन बसलेला तो कुत्रा श्रोत्यांपैकीं बहुतेकांस आठवत असेल. तो निपर, १८८४ सालीं ब्रिस्टलमध्यें जन्मलेला, टेरियरच होता. पाहुण्यांच्या पोटऱ्यांस चावे घेण्याच्या खोडीवरून त्यास तें नांव मिळालें! चित्रांतील सौम्य मुद्रेवरून जातीची परीक्षा करूं नये, हें बरें.

सशाची बाजू याच्या नेमकी उलट आहे. इसवी सन ६०० च्या सुमारास पोपच्या आज्ञेमुळें फ्रान्सांतील मठांत ससे माणसाळले, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. २०१८ सालच्या संशोधनानें ती निराधार ठरविली. माणसाळणें एका दिवसांत झालें नाहीं, शतकें लागलीं. त्याच वर्षीं शास्त्रज्ञांनीं रानटी व पाळीव सशांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हां भीतीशीं संबंध असलेला भाग पाळीव सशांत लहान झालेला आढळला. म्हणजे पाळीव ससा माणसाच्या हातास भीत नाहीं, याचें कारण त्याच्या वंशांतच आहे. परंतु भीति कमी झाली तरी सुटकेचें साधन वाढलें नाहीं. घरांत पळावयास रान नाहीं, शिरावयास बीळ नाहीं. शिवाय त्याच्या मागच्या पायांचा जोर एवढा, आणि कणा एवढा नाजूक, कीं घाबरून झाडलेल्या लाथेनें त्याचा स्वतःचाच कणा मोडूं शकतो. कुत्र्यानें दांत लावलाच पाहिजे असें नाहीं.

‘दोघांना लहानपणापासून एकत्र वाढवा, म्हणजे भाऊभाऊ होतील’, असा सल्ला शहरांतून सर्रास दिला जातो. त्यांत तथ्य आहे, पण तें थोडें. सशाच्या सहवासांत वाढलेलें पिल्लूं त्याच्याविषयीं पुष्कळ शांत राहतें, हें खरें. परंतु ससा शांत बसला आहे तोंवरच ही परीक्षा चालू असते. एके दिवशीं भांडें पडतें, ससा उसळी मारून पळतो, आणि क्षणांत कुत्र्याच्या डोळ्यांपुढें मित्र राहत नाहीं, पळणारी वस्तु राहते. म्हणून दोघांना माणसाच्या देखरेखीवांचून एकत्र सोडूं नये, हा नियम पांच वर्षांच्या मैत्रीनंतरहि शिथिल करूं नये.

सशाची खोली वेगळी असावी आणि तिला कडी असावी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी टेरियर दांतांनीं उचकटतो आणि मातीची जमीन उकरून खालून शिरतो. तेव्हां जाड तारेची, सांधे पक्के जोडलेली जाळी घ्यावी व तळ फरशीचा ठेवावा. आंत लपण्यास दोन दारांचें खोकें द्यावें. एकच दार असल्यास तो आसरा न राहतां सांपळा होतो. ओळख करून देतांना प्रथम नुसता वास, म्हणजे एकाचें फडकें दुसऱ्याच्या जागीं. मग जाळीआडून दर्शन. आणि मग पुष्कळ दिवसांनीं, कुत्रा दमवून आणल्यावर, साखळी हातांत धरून. कुत्र्याची नजर सशावर खिळली, अंग ताठ झालें आणि हांकेस कान हालेनासा झाला, कीं त्या दिवसाचा पाठ तेथेंच बंद. अशा प्रसंगानंतर ससा अर्धा दिवस चारा खाईनासा झाला तर ‘भ्याला असेल, निवळेल’ म्हणून वाट पाहूं नये. सशाचें आंतडें थांबलें म्हणजे जिवावर बेततें. त्यास त्याच दिवशीं गुरांच्या दवाखान्यांत न्यावें.

मराठवाड्यांत या व्यवस्थेची खरी कसोटी चैत्र-वैशाखांत लागते. पारा चाळिशीपलीकडे जातो. सशास घाम येत नाहीं, आणि कुत्र्याप्रमाणें धापा टाकूनहि त्याचें भागत नाहीं. अंगांतली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. घरांतली थंड जागा बहुधा एकच असते, माजघरांतली रांजणाजवळची शाहबादी फरशी, आणि दोन्ही जनावरें तीच हेरतात. ती सशास द्यावी. कुत्र्यासाठीं पडवींत ओलें पोतें अंथरावें, पाण्याचें भांडें तेथेंच ठेवावें, आणि दुपारीं घरचीं माणसें लवंडण्यापूर्वीं मधल्या दाराची कडी कोणीं लावावयाची, तें नांव घेऊन ठरवून टाकावें.