अंजनेरीचा डोंगर : हनुमानाचं ठिकाण, औषधी झाडपाला आणि जगात दुर्मीळ असलेलं एक फूल

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर दिसतो. उंची समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास. अंजनीमातेने इथे तप केलं आणि हनुमानाचा जन्म इथलाच, अशी आपल्याकडची श्रद्धा आहे. कर्नाटक आणि आंध्रातले लोक जन्मस्थान त्यांच्याकडे असल्याचं सांगतात, तो वाद वेगळा. हनुमान जयंतीला इथली गर्दी काही त्याने कमी होत नाही.

गावातून निघालं की चढ सुरू होतो, पुढे पायऱ्या लागतात. वाटेत कातळात कोरलेलं जैन लेणं आहे. पायऱ्या संपल्या की मोठं पठार. तिथे अंजनीमातेचं मंदिर, पुढे तळं, आणि पुन्हा चढून गेलं की माथ्यावर दुसरं मंदिर. रमतगमत दोन-तीन तास धरा. पावसात पायऱ्या शेवाळतात, धुकं आलं की वाट चुकते, तेव्हा दुपारी उशिरा चढायला निघू नका. कड्यांच्या कपारीत गिधाडांची घरटी आहेत, म्हणून तिथे आरडाओरडा आणि फटाके नकोत.

आता खरी गोष्ट. या डोंगराचं नाव जगभरच्या वनस्पती अभ्यासकांना माहीत झालं ते एका छोट्या रोपामुळे. 'सेरोपेजिया अंजनेरिका' असं त्याचं शास्त्रीय नाव, २००६ साली नवीन जात म्हणून त्याची नोंद झाली. फूल कंदिलासारखं दिसतं म्हणून या प्रजातीला मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. बारीक माशी फुलाच्या नळीत शिरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. केस सुकले की ती सुटते आणि परागकण घेऊन दुसऱ्या फुलावर जाते. पावसाळ्यात कातळावरच्या वीतभर मातीत हे रोप उगवतं, पाऊस सरला की वरून वाळून जातं. जमिनीत राहतो तो फक्त कंद. कंद उपटला की रोप कायमचं गेलं. हौसेने उपटून घरी कुंडीत लावणारेही असतात, ते रोप बहुतेक वेळा जगत नाही.

औषधी झाडपाल्याचंही थोडंफार तसंच आहे. त्र्यंबक भागातल्या रानात गुळवेल, शतावरी, सफेद मुसळी, बेहडा, रानहळद आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. पण सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. गुळवेलाची वेल कापली तरी मूळ राहिलं तर ती पुन्हा फुटते. बेहड्याची खाली पडलेली फळं वेचली तर झाडाचं काही बिघडत नाही. मुसळीला मात्र घाई नडते. पानं पिवळी पडून बी झडल्यावरच खणावी, आणि वरचा डोळा दोन-तीन मुळ्यांसकट परत मातीत दाबावा. भर पावसात कोवळी मुसळी काढली तर वजनही भरत नाही आणि पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवतही नाही. व्यापाऱ्याचं त्यात काय जातं?

२०१७ मध्ये अंजनेरीच्या साधारण पावणेसहा चौरस किलोमीटर भागाला 'संवर्धन राखीव क्षेत्र' जाहीर केलं. हे अभयारण्यापेक्षा वेगळं. वन्यजीव कायद्यात अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समितीची तरतूद आहे, आणि तिच्यात हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. म्हणजे गावाची खुर्ची कायद्यातच आहे. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना आणि पिढीजात वनात राहणाऱ्यांना ते पूर्वीपासून गोळा करत आलेल्या गौण वनोपजावर हक्क दिलाय.

मध्यंतरी गडावर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरातल्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. वर गाडी गेली तर म्हाताऱ्या माणसांना दर्शन सोपं होईल, दोन दुकानं चालतील, हेही खोटं नाही. पण रस्ता पठारावरून गेला तर ज्या पातळ मातीत कंदीलपुष्प उगवतं तीच आधी जाईल. असा विषय पुन्हा आला तर आधी ग्रामपंचायतीत विचारा : समितीवर आपल्या गावातून कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, आणि त्यात काय ठरलं?

फुलं बघायला जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. पठारावर मळलेली पायवाट सोडू नका, कारण फुलावर आलेलं नसेल तेव्हा ते रोप साध्या गवतासारखंच दिसतं.