आंजीच्या ताटातली भाकर

वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) येथे मागच्या हिवाळ्यात आम्ही एका घरी जेवायला बसलो. ताटात पोळ्या आल्या. चुलीजवळच्या आजींनी काहीशा संकोचाने विचारले, "भाकर खासान का? टाकतो एक." दोन पिढ्यांपूर्वी संकोच उलट दिशेचा असता. पाहुण्याला पोळी, घरच्यांना भाकर, अशी तेव्हाची रीत होती.

या रीतीची साक्ष मराठी भाषाच देते. आपल्या पोळीवर तूप ओढले जाते, दुसऱ्याच्या आगीवर पोळी भाजून घेतली जाते. पोळी म्हणजे लाभ. उलट दृष्ट काढायची तर भाकरतुकडाच ओवाळून टाकायचा, आणि गरिबाघरचे आतिथ्य म्हणजे मीठभाकर. पोळी सणाची, भाकर पोटाची. शब्दांनी ही विभागणी अजून सोडलेली नाही. स्वयंपाकघराने मात्र केव्हाच सोडली.

का सोडली, याचे उत्तर चवीत शोधणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो. ती सकाळी एकदाच भिजवावी, लाटावी, पोळ्या घडी घालून डब्यात द्याव्यात, दुपारपर्यंत मऊ राहतात. ज्वारीला हा गुण नाही. पीठ ऊन पाण्यात मळावे लागते, एकेका भाकरीपुरते. हाताने थापायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, मग निखाऱ्यावर फुगवायचे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकर थापतानाच चिरते. म्हणजे भाकरीला ताजे दळण हवे आणि चुलीशी बसून राहणारी बाई हवी. तीच बाई सकाळी कापूस वेचायला जाणार असेल, तर पोळी जिंकते.

वर्ध्यात पिठाचा वाद नवा नाही. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीतून कुमारप्पांनी हातदळणाचा पुरस्कार केला. पण तो वाद जात्याचा आणि गिरणीचा होता. धान्यच बदलेल, ही शंका तेव्हा फारशी कोणाला आली नसावी.

ते बदलले शेतातून. कपाशीच्या पाळीला ज्वारी, मधे तुरीची ओळ, कडबा बैलांना, असा हा मेळ होता. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण 'हायब्रीड'ची भाकर जुन्या माणसांना रुचली नाही. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी मिलो आली आणि भाकरीला लाचारीची चव चिकटली. पुढे सोयाबीन आले. सुमारे शंभर दिवसांत शेत मोकळे करून ते हरभऱ्याला, पाणी असेल तर गव्हाला, जागा देते. बैल कमी झाले, तसा कडब्याचा आधारही गेला. चहूकडे सोयाबीन असताना एखाद्यानेच ज्वारी पेरली, तर सगळ्या शिवारातली पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य सर्वांत स्वस्त, एक रुपया किलो होते. दुकानातून मात्र प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळत राहिले.

मेक्सिकोत असेच घडले, पण निराळ्या वाटेने. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची, हाताने थापलेली तोर्तिया तिथली मूळची. गहू सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी नेला, आणि उत्तरेकडे गव्हाची तोर्तिया रुजली. प्रभुभोजनाची भाकर गव्हाचीच हवी, हा चर्चचा नियम गव्हाच्या मोठेपणाला पुरेसा होता. तरीही मक्याची तोर्तिया तिथे रोजच्या जेवणातून उठली नाही. चुन्यात शिजवलेल्या मक्याचे वाळवलेले पीठ तिथे पिशवीत मिळू लागले. आमच्या ज्वारीच्या पिठाला विरी टिकवणारी अशी युक्ती कोणी दिली नाही.

२०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. शहरात ज्वारी गव्हापेक्षा महाग विकली जाऊ लागली.

आजींनी भाकर टाकली. दळण ताजे होते, तरी कड जराशी चिरली. हात आता रोजचा राहिला नाही, असे त्या म्हणाल्या. सून शेजारी उभी राहून पाहत होती. तिला पोळ्या उत्तम येतात. भाकर कधी शिकलीस का, असे आम्ही विचारले. ती हसली आणि दुसऱ्या भाकरीचे पीठ तिने परातीत काढून दिले.