शब्दाच्या पोटातले प्रत्यय

धारणीच्या बाजारात कानी पडणारी कोरकू आपल्यापैकी अनेकांना हिंदीची मोडकी बोली वाटते. ती मुंडा कुळातली आहे. कोरकूत डोळ्याला 'मेद' म्हणतात, व्हिएतनामीत 'मात'. अर्थात एका शब्दावर नाते ठरत नाही. ध्वनी योगायोगानेही जुळतात. शब्द घडवण्याची रीत जुळली तर मात्र पुरावा भक्कम होतो.

मुंडा भाषा द्राविडी भाषांपासून वेगळ्या काढल्या मॅक्स म्यूलर यांनी, १८५४ मध्ये. पुढे १९०६ साली विल्हेल्म श्मिट यांनी मुंडा आणि मोन-ख्मेर भाषा एकाच ऑस्ट्रोआशियाई कुळात बसवल्या. त्यांचा एक आधार होता मध्यप्रत्ययांचा. संताळीत 'दल' म्हणजे मारणे, तर 'दपल' म्हणजे एकमेकांना मारणे. मुंडारीत 'दुब' म्हणजे बसणे, 'दुनुब' म्हणजे बैठक. ख्मेरमध्ये 'कएत' (जन्मणे) पासून 'कमनएत' (जन्म). क्रियापदाचे नाम करताना दोन्हीकडे पोटात 'न' शिरतो!

संस्कृतातही 'युज्'चे 'युनक्ति' होते. या 'न'ला पाणिनीने 'श्नम्' म्हटले. त्यातला म् एवढेच सांगतो की प्रत्यय धातूच्या शेवटच्या स्वरानंतर बसवा. कोरकूशी याचे नाते नाही, पण विद्यार्थ्यांना मध्यप्रत्यय समजावायला हे उदाहरण सोयीचे.

कोरकूचे जॉन ड्रेक यांनी लिहिलेले व्याकरण १९०३ मध्येच कलकत्त्यात छापले गेले. मेळघाटातल्या शिक्षकांना तर पुस्तकाचीही वाट पाहायला नको. वर्गातल्या कोरकू मुलांकडून एक ते दहा आकडे लिहून घ्यावेत आणि संताळी आकड्यांशेजारी मांडून पाहावेत.