गाठीतल्या जनुकांना काय विचारावे

दातिवऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात बाईचे पोट फुगू लागले, जेवण जाईनासे झाले, की आधी गॅसवर औषध होते. पुढे कधीतरी सोनोग्राफी होते आणि सफाळ्याहून लोकल धरून ती परळच्या टाटा रुग्णालयात पोचते, तोवर आजार बहुधा पोटभर पसरलेला असतो. बीजांडकोशाचा कर्करोग असा उशिराच उघडा पडतो. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, किती दिवस?" गाठीतल्या जनुकांवरचे हे पुस्तक त्याच प्रश्नामागे लागलेले आहे.

टप्पा तोच, शस्त्रक्रिया तीच, औषधेही तीच. तरी एक बाई वर्षभरात जाते, दुसरी दहा वर्षे काढते. असे का? गाठीचा तुकडा काढल्याबरोबर गोठवून त्यातला आरएनए मोजला, की कोणते जनुक किती जोरात काम करते आहे ते कळते. २०११ मध्ये अमेरिकेच्या 'कॅन्सर जिनोम ॲटलास'ने ४८९ गाठी तपासून आयुर्मानाशी जोडलेल्या १९३ जनुकांची यादी दिली. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात शर्मिला बापट यांच्या गटाने जनुकांच्या अशाच मोजमापांतून या गाठींचे वेगवेगळे वर्ग मांडले.

मात्र नव्या अभ्यासकाने इथेच सावध व्हावे. हजारो जनुके आणि रुग्ण काहीशे, एवढ्यात योगायोगानेही सुरेख यादी जमून येते. २०१४ मध्ये अशा १४ याद्या परक्या रुग्णांवर तपासल्या गेल्या. दोघींपैकी आधी कोण जाईल, हे सर्वांत चांगल्या यादीलाही शंभरातल्या साधारण ६० जोड्यांतच बरोबर सांगता आले. नाणे उडवले तरी ५० जमतात! माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा निकाल हाच.

रुग्णांच्या तक्त्याकडेही नीट पाहा. एखादी बाई तिसऱ्या वर्षानंतर तपासणीला आलीच नाही. तिला मृत धरता येत नाही, गाळताही येत नाही. 'शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत' एवढीच तिची नोंद. आपल्याकडे अंतर, भाडे आणि बुडणारी मजुरी यांमुळे अशा नोंदी होतात, आणि दूरच्या गावांतल्याच बायका निसटत गेल्या, तर अख्खा हिशेब एका बाजूला कलतो.

शिवाय ॲटलासमधल्या बहुतेक स्त्रिया गोऱ्या अमेरिकन आहेत. त्यांच्यावर बेतलेले सूत्र आपल्या बायकांना लावण्याआधी ते इथे तपासायलाच हवे.

ॲटलासची जनुक-मोजमापे आज कुणालाही मोफत मिळतात, त्यांची आकडेमोड करायची 'आर' ही संगणकप्रणालीही फुकट आहे. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयात बसूनही हे काम सुरू करता येईल. विद्यार्थ्यांनो, जनुकांआधी रुग्णांचा तक्ता उघडा आणि प्रत्येक ओळ वाचा.